खालच्या गावाचा चौथा भाग

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात कुणाला पुस्तकाबद्दल काही विचारायचं असलं की तो ग्लेनिस पेनरोझकडे जायचा. आणि आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल काही ऐकून घ्यायचं नसलं, की तिला लांबून बघूनच रस्ता ओलांडायचा. ग्लेनिसला दोन्ही ठाऊक होतं. रस्ता ओलांडणाऱ्याला ती मुद्दाम हात करायची.

तिचा बाप गव्हाच्या कोठारांवर कामाला होता. घरात बायबल सोडलं तर वाचण्यासारखं काही नव्हतं. ट्रॅक्टरवाल्या कंपनीचं कॅलेंडर तेवढं दरवर्षी नवं यायचं. नऊ वर्षांची असताना तिला रविवारच्या शाळेत पाठांतराचं बक्षीस म्हणून गोष्टीचं पुस्तक मिळालं. पुढच्या रविवारी तिनं बाईंना सांगितलं, "पुस्तक छान आहे, पण शेवट घाईघाईत उरकलाय." बाईंनी घरी येऊन आईकडे तक्रार केली. आईनं पोरीला दटावलं, आणि बाई गेल्यावर विचारलं, "उरकलाय म्हणजे काय केलंय गं त्यांनी?" ग्लेनिसनं सगळी गोष्ट सांगितली. आई भांडी घासता घासता ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "खरंच की. त्या जहाजाचं काय झालं ते सांगितलंच नाही."

पुढे ग्लेनिस वाचनालयात लागली. शाळेचं आणि गावाचं मिळून एकच वाचनालय. सकाळी वर्गाच्या रांगा, दुपारी म्हातारी माणसं आणि उन्हाळ्यात एसीसाठी येऊन बसणारे खेकडेवाले. त्याच गावच्या डेस पेनरोझशी तिचं लग्न झालं. डेस विजेची कामं करायचा. बोलायला मोजका, पण बोलला की चिमटा काढूनच. मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं त्याचं दुःख होतं, मग ते घरातल्या जुन्या कपाटासारखं झालं; असतं तिथेच, पण रोज त्याला ठेच लागत नाही.

गावच्या रेडिओवर ती कशी आली, त्याची गोष्ट छोटी आहे. रेडिओ चालवणारा कॉल बाउडन एका शनिवारी तिच्याकडे धावत आला. फुटबॉलवर बोलणारा माणूस घसा बसून घरी पडला होता. "दहा मिनिटं काहीतरी बोल गं बाई, नाहीतर मला भरती-ओहोटीच्या वेळा दोनदा वाचाव्या लागतील." ग्लेनिस बोलली. तिनं त्या आठवड्यात वाचलेल्या पुस्तकाची आधी बरी बाजू सांगितली, मग वाईट बाजू, मग हे कुणी वाचावं आणि कुणी मुळीच वाचू नये ते. लोकांना मजा आली. फुटबॉलवाल्याचा घसा सुटला, पण ग्लेनिसची दहा मिनिटं, एक शनिवार सोडून एक, तशीच राहिली.

तर या ग्लेनिसच्या शेजारी, कुंपणापलीकडे, ऊना हॉकिंग राहायची. दोघींची मैत्री अशी, की साखर मागायला दाराशी कुणी जात नसे. कुंपणावरूनच वाटी पुढे व्हायची. ऊनाची मुलगी मेरिन लहानपणी शाळा सुटली की वाचनालयातच ठाण मांडून बसायची. घरी ये म्हटलं तर म्हणायची, "ग्लेनमावशी, एवढं पान." ते पान कधी संपायचं नाही.

हीच मेरिन मोठी होऊन ॲडलेडला गेली, नोकरीला लागली, आणि एका नाताळात छापील कागदांचा गठ्ठा घेऊन परत आली. "खालचं गाव" नावाची गोष्ट होती. मूंटासारखंच एक तांब्याच्या खाणींचं गाव. खाणी बंद पडलेल्या. आणि त्या खाणींच्याही खाली आणखी एक गाव, जिथे ऊन पोचत नाही म्हणून लोक दिव्यांची शेती करतात. वरच्या गावातली केरा आणि तिचा भाऊ जॉरी जुन्या विहिरीसारख्या भोकातून खाली उतरतात, असं ते कथानक. ग्लेनिसनं पेन्सिल घेऊन वाचलं आणि सांगितलं, "पहिली तीन प्रकरणं फेकून दे. तुझी गोष्ट चौथ्यात सुरू होते." मेरिन रडली. ऊना दोन दिवस ग्लेनिसशी बोलली नाही. मग मेरिननं तीन प्रकरणं फेकली.

पुस्तक छापून आलं आणि बघता बघता देशभरच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. दुसरा भाग आला, तिसरा आला. सुट्ट्यांत लांबलांबून गाड्या यायला लागल्या. पोरं जुन्या खाणीच्या चिमणीसमोर उभी राहून फोटो काढायची, आणि नोरीनच्या बेकरीत "केराची पास्टी" म्हणून जी मिळायची ती नेहमीचीच बटाटा-मांस भरलेली, करंजीसारखी पास्टी होती, फक्त वरच्या कणकेवर दिवा कोरलेला.

तिसऱ्या भागाच्या शेवटी जॉरी मेला. खालच्या गावात पाणी घुसत होतं, ते अडवायला त्यानं आतून दार लावून घेतलं. हजारो पोरं रडली. त्यानंतर काही महिन्यांतच ऊना आजारी पडली आणि हिवाळा संपायच्या आत गेली. मेरिननं अंत्यविधी केला, घराला कुलूप घातलं आणि ॲडलेडला निघून गेली. चौथा भाग येणार येणार म्हणताना बराच काळ गेला. शेवटी मार्चमध्ये, खेकड्यांचा हंगाम ऐन भरात असताना, तो आला.

ग्लेनिसच्या हातातलं पुस्तक बघून डेस म्हणाला, "हे पुस्तक आहे का वीट?"

"पुस्तक आहे."

दोन दिवसांनी त्यानं पुन्हा विचारलं, "कसं काय?"

"मधे वीट आलाय," ग्लेनिस म्हणाली.

शनिवारी ती रेडिओवर बसली. मेरिन घरची पोरगी होती, तरी ग्लेनिसनं पुस्तकाला वेगळा न्याय लावला नाही. आधी बरी बाजू सांगितली. खालच्या गावातली नाववाली आंधळी म्हातारी, हे मेरिननं आजवर रंगवलेलं सगळ्यात जिवंत माणूस आहे. दिव्यांची शेतं एकामागून एक विझत जातात ते प्रकरण वाचताना आपल्याही घरातला दिवा बघावासा वाटतो. मग वाईट बाजू. सुरुवातीला मागच्या तिन्ही भागांची उजळणी, जणू वाचणारा विसराळू आहे. नवी नावं इतकी, की लग्नघरात चुकून शिरल्यासारखं होतं. दुसऱ्या भागात बुडून मेलेला राखमाणूस, तो दिवे चोरणारा दुष्ट, इथे पुन्हा जिवंत. "एकदा मेलेला माणूस परत आला की मग कुणाच्याच मरणाला किंमत राहत नाही," ती म्हणाली. "आणि मधला भाग. जॉरी गेल्यावर केरा नाववाल्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. पानंच्या पानं बसूनच राहते, आणि आपण तिच्याबरोबर बसतो. फरक इतकाच, की तिला निदान सूप मिळतं."

कॉल काचेपलीकडे खो खो हसला. ते सूपचं वाक्य दुपारपर्यंत गावभर झालं.

सोमवारी ग्लेनिस बेकरीत गेली तर नोरीननं पाव पिशवीत घालता घालता तोंड उघडलं. "काय गं, आपल्याच पोरीचं पुस्तक. ईस्टरला लोक येतात ते काय माझं तोंड बघायला येतात?"

"मी वाचू नका म्हटलं नाही."

"सूप म्हटलंस. काल दोघांनी माझ्याकडे सूप मागितलं, वर हसले."

"मग विक की सूप."

"जा बाई तू," नोरीन म्हणाली, पण पाव ताजाच दिला.

ग्लेनिसला याचं काही वाटलं नाही. तिच्या मनात खुट्ट झालं ते शुक्रवारी.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात मोठ्या मुलांचं वाचनमंडळ भरायचं. सात-आठ जण यायचे. त्या दिवशी सगळ्यांच्या मांडीवर तीच वीट होती. ब्रॉडी नावाच्या मुलानं राखमाणसाची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. कुणाला शेवट आवडला नव्हता, कारण तो शेवटच नव्हता. केरा नावेत पाय ठेवते आणि पुस्तक संपतं.

टालिथा रॉडा शेवटपर्यंत बोलली नाही. पंधरा वर्षांची, हडकुळी, केस नेहमी डोळ्यांवर. तिचा थोरला भाऊ एड आदल्या हिवाळ्यात शेजारच्या कडीना गावच्या रस्त्यावर गाडी उलटून गेला होता. ते गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नसे. सगळे उठायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मिसेस पी, मला एक विचारायचंय."

"विचार की."

"तुम्ही रेडिओवर म्हणालात, केरा नुसती बसून राहते. मग तिनं काय करायला पाहिजे होतं?"

ग्लेनिस म्हणाली, "काहीतरी. गोष्ट पुढे जायला हवी ना गं. खाली गाव बुडतंय, दिवे विझतायत, आणि नायिका चुलीपाशी."

"हो, पण काय करायला पाहिजे होतं?" टालिथाचा आवाज चढला नव्हता. "एड गेला तेव्हा लोक डबे घेऊन यायचे. आई सोफ्यावर. बाबा शेडमध्ये, नुसते उभे. मी काहीच केलं नाही. अख्खी टर्म. गृहपाठ नाही, केस धुतले नाहीत. मला वाटायचं माझंच डोकं बिघडलंय. कारण पुस्तकांत कुणी मेलं की पुढच्या पानावर सगळे तलवारी काढून सूड घ्यायला निघतात. नेहमी. केरा निघालीच नाही. मी ती पानं तीनदा वाचली."

ब्रॉडी आपल्या बुटांकडे बघत होता.

ग्लेनिसनं टेबलावरची आपली प्रत ओढून मधली पानं चाळली. मग ती म्हणाली, "मी ते नीट वाचलं नसेल, टालिथा. पुन्हा वाचते."

"वाचा," टालिथा म्हणाली. दप्तर खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली आणि वळली. "राखमाणसाचं मात्र तुमचं बरोबर आहे. एकदम फालतू आहे तो."

तेव्हा कुठे सगळे हसले.

रविवारी डेस खेकड्यांची जाळी टाकायला धक्क्यावर निघाला तशी ग्लेनिस पुस्तक घेऊन त्याच्यासोबत गेली. वारा पडला होता, आखात पाट्यासारखं सपाट. धक्क्याच्या टोकाला डेसनं जाळी सोडली. ती घडीची खुर्ची टाकून बसली आणि मधला भाग काढला. पहिल्या वेळी ती वाचत होती ते पुढे काय होतंय यासाठी. शनिवार जवळ आलेला, पानं उरलेली पुष्कळ, त्यामुळे डोळे ओळींवरून नुसते घसरत गेले होते. आता घाई नव्हती.

म्हातारीच्या दाराशी आडवं वल्हं पडलेलं असतं. केरा पहिल्यांदा आत येते तेव्हा त्याला अडखळते. पुढच्या प्रकरणात ती ते ओलांडून जाते. मग एका दिवशी पायानं बाजूला सारते. मग बऱ्याच पानांनी, म्हातारी झोपलेली असताना, ती त्याच्यावरचा चिखल पुसते; का, ते तिलाही माहीत नसतं. मेरिननं त्याबद्दल एक अक्षर समजावून सांगितलं नव्हतं. कुठे बोट दाखवलं नव्हतं. नुसतं वल्हं होतं आणि पोरगी होती. शेवटी केरा नावेत पाय ठेवते तेव्हा ते वल्हं तिच्या हातात असतं, आणि पहिल्या वाचनात ग्लेनिसला प्रश्नही पडला नव्हता की ते आलं कुठून.

तिनं पुस्तक मिटलं. डेसनं एक जाळं ओढलं; दोन निळे खेकडे निघाले, एक अंगठ्याएवढा. तो त्यानं परत पाण्यात टाकला.

"चुकले मी," ग्लेनिस म्हणाली.

"कशात?"

तिनं सांगितलं. टालिथाचंही सांगितलं. डेसनं जाळ्यात नवं आमिष बांधलं आणि म्हणाला, "ऊना गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू काय करत होतीस, आठवतं?"

"कामावर गेले होते."

"सुट्टी होती त्या दिवशी. तू किल्ली घेऊन गेलीस आणि वाचनालयातली सगळी कपाटं पुसून आलीस. वरचे कप्पे पण. मग अंत्यविधीला शंभर सँडविचं केलीस. मग तिचे पडदे धुतलेस. कुणाला हवे होते ते पडदे?"

"कुणीतरी करायला नको?"

"मी कुठे काय म्हणतोय," डेस म्हणाला. "तुला बसणारं माणूस बघवत नाही, एवढंच."

ग्लेनिसला राग आला, मग गेला. घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "तरी थोडी पानं कापता आली असती."

"सांग तसं," डेस म्हणाला.

पुढच्या शनिवारी तिनं कॉलला आधीच सांगून ठेवलं, की नव्या पुस्तकाआधी मागच्याबद्दल बोलायचंय, माझं एक चुकलं. कॉलनं कपाळावर हात मारला. "अगं, रेडिओवर असं कुणी कबूल करतं का? लोकांच्या लक्षातही नाही."

"सूप लक्षात आहे त्यांच्या."

मग ती बोलली. तिनं लांबण लावली नाही. "मागच्या वेळी मी म्हटलं, की खालच्या गावाच्या चौथ्या भागात केरा बसून राहते आणि गोष्ट थांबते. गोष्ट थांबत नाही, मी थांबले नव्हते. एका वाचणाऱ्या मुलीनं मला हे दाखवलं. ती पानं सावकाश वाचा. ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय त्यांनी तर जरूर वाचा. बाकी मी बोलले ते बोलले. उजळणी कंटाळवाणी आहे, नावं फार आहेत, आणि राखमाणूस मेलेलाच बरा होता." मग ती नव्या पुस्तकाकडे वळली, ते मधमाश्यांवर होतं.

मेरिन आली ती ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. ऊनाचं घर भाड्यानं द्यायचं म्हणून आवरायला. ग्लेनिस मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेव्हा कुंपणापलीकडे लिंबाच्या झाडाखाली तिला ती दिसली. हातात ऊनाचा जुना मिक्सर, केसांत जळमट.

"ये की इकडे, चहा टाकते," ग्लेनिस म्हणाली.

"नको."

"रागावलीस."

"हो," मेरिन म्हणाली. मिक्सर तिनं कुंपणाच्या खांबावर ठेवला. "जगात कुणीही वाईट लिहावं गं. लिहितातच. मी वाचत नाही. पण तू, मावशी? आणि वर सूप? पोस्टात उभी होते मी काल, दोन बायका हसत होत्या त्यावर. मी आहे हे बघून गप्प झाल्या."

"सूप वाईट होतं," ग्लेनिस म्हणाली. "विनोद आला तोंडात आणि मी तो सोडला नाही. त्याबद्दल माफ कर."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्याबद्दल दुसऱ्या शनिवारी बोलले होते."

"मला नोरीननं सांगितलं. पाव घेताना. मोफत दिला, म्हणाली, बिचारी." मेरिनला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. मग लिंबाचं एक पान तिनं बोटांत चुरगाळलं. "ते स्वयंपाकघर आईचं होतं."

"माहीत आहे. दुसऱ्यांदा वाचताना कळलं. ओव्हनचं दार बंद राहावं म्हणून म्हातारी त्यात ऊनासारखाच चमचा अडकवते."

"पहिल्यांदा नाही कळलं तुला? तू तर रोज यायचीस तिथे."

"नाही कळलं," ग्लेनिस म्हणाली. "घाईत होते. ती गेली तेव्हापासून घाईतच आहे मी."

मेरिननं मान वर केली. ग्लेनिसचे डोळे भरले होते आणि हातात ओला टॉवेल तसाच होता. ऊना गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. अंत्यविधीत तर ती सँडविचं मोजत होती. मेरिन कुंपणापाशी आली. कुंपण कमरेएवढंच होतं, तरी मधे होतं, त्यामुळे दोघींनी एकमेकींना धरलं ते जरा वेडंवाकडंच.

"चहा टाक," मेरिन म्हणाली.

चहा पिताना तिनं विचारलं, की ती मुलगी कोण. ग्लेनिसनं नाव सांगितलं नाही. "तिला विचारून सांगते. तुला भेटायचं असलं तर शुक्रवारच्या मंडळात ये. मात्र आधीच सांगते, ही पोरं हार घालून बसवणारी नाहीत."

शुक्रवारी मेरिन आली. मुलांनी आधी सह्या घेतल्या, मग तिच्यावर तुटून पडली. इतकी नावं का, नकाशात नदी उलटी का वाहते. नदीचं तिलाही माहीत नव्हतं, तिनं नकाशा वळवून बघितला आणि म्हणाली, "अरे देवा." टालिथा ग्लेनिसच्या टेबलाला टेकून उभी होती. केस मागे बांधले होते.

"राखमाणूस का जिवंत केलात?" तिनं विचारलं.

मेरिननं आधी काहीतरी ठरीव उत्तर सुरू केलं, की मालिकेला शत्रू लागतो, वाचकांना तो आवडला होता. टालिथा तिच्याकडे बघत राहिली. मेरिन मधेच थांबली. "खरं सांगू? घाबरले म्हणून. जॉरीला मारलं होतं. आता केराच्या पुढ्यात नुसतं दुःख होतं. दुःखाशी लढाई कशी लिहायची ते मला येत नव्हतं. माणसाशी येते. म्हणून त्याला परत आणला."

"पण ते तर तुम्हाला येतं," टालिथा म्हणाली. "स्वयंपाकघरात लिहिलंय की तुम्ही."

ग्लेनिसनं खिडकी उघडायचं निमित्त काढलं.

ब्रॉडी म्हणाला, "मग आता त्याचं करणार काय? परत बुडवणार?"

"तुम्हीच सांगा."

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी त्याला जाळला, कुणी दगडाखाली गाडला. ग्लेनिस खिडकीपाशीच म्हणाली, "मारू नकोस. म्हातारा होऊ दे त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे आलाच आहे परत, तर आता राहू दे. आपण जे केलं ते बघत बसू दे."

टालिथानं नाक मुरडलं. "ते कंटाळवाणं होईल, मिसेस पी."

"तूच म्हणालीस ना, बसणं कंटाळवाणं नसतं?"

"तो दुष्ट आहे! दुष्टानं बसून काय करायचं?"

यावर जे भांडण जुंपलं ते शिपायानं दिवे घालवेपर्यंत चाललं. मेरिन कोपऱ्यात खुर्चीवर पाय घेऊन ऐकत होती, लहानपणी बसायची तशी.

तिनं घर भाड्यानं दिलं नाही. महिन्यातून एकदा ती येऊन राहायला लागली. लिहायची, लिंबं तोडायची, संध्याकाळी डेसबरोबर धक्क्यावर जायची. पाचवा भाग दोन वर्षांनी आला आणि तो शेवटचा होता. जाडीला चौथ्याच्या निम्मा. राखमाणूस त्यात म्हातारा होतो. दिव्यांच्या शेतावर राखणीला बसतो, आणि त्याला कुणी माफ करत नाही, पण कुणी हाकलतही नाही. काही वाचकांना हे मुळीच पटलं नाही. मोठमोठ्या लढाईची वाट बघणाऱ्या पोरांनी मेरिनला सणसणीत पत्रं लिहिली. पुस्तक आधीच्यांएवढं खपलं नाही, हेही खरं. नोरीननं पास्टीवरचा दिवा मात्र तसाच ठेवला.

त्या सुमारास ग्लेनिस वाचनालयातून निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी चहा झाला, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक झाले, मुख्याध्यापक बोलले. टालिथा तेव्हा शेवटच्या वर्गात होती. पुढे नर्सिंगला ॲडलेडला जाणार होती. कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलताना तिनं विचारलं, "शनिवारी मी आले तर चालेल?"

"कुठे?"

"रेडिओवर. तुम्ही एकट्याच बोलता, आणि मी इकडे गाडीत बसून तुमच्याशी भांडते. बाबांना वैताग आलाय त्याचा."

ग्लेनिसनं कॉलला विचारलं. कॉल म्हणाला, "आता दोघीजणी? माझ्या भरती-ओहोटीला जागा ठेवा म्हणजे झालं."

पहिल्या शनिवारी त्यांनी दुसऱ्याच एका मालिकेचा नवा भाग घेतला. हिमनगांवर राहणाऱ्या मुलींची ती मालिका होती, आणि हा तिचा सातवा भाग. ग्लेनिसनं नेहमीप्रमाणे बऱ्या बाजूनं सुरुवात केली. थंडीचं वर्णन उत्तम आहे, म्हणाली, स्वेटर घालून वाचा. टालिथानं तिला मधेच तोडलं.

"मी संपवलंच नाही."

"काय?"

"पन्नासाव्या पानावर सोडलं. सगळे नुसते एकमेकांना समजावत बसतात."

"संपवल्याशिवाय कसं बोलतेस तू त्याच्यावर?"

"का नाही बोलायचं? सोडावंसं वाटलं, हेही पुस्तकाबद्दलच झालं ना?"

ग्लेनिसनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. थांबेचना. टालिथा तिच्याकडे बघून हसायला लागली. कॉल काचेपलीकडून हातवारे करत होता, बोला, बोला, प्रक्षेपण चालू आहे. गावभर लोक चुलीपाशी, गाडीत, धक्क्यावर रेडिओ लावून बसले होते, आणि त्यांना बराच वेळ दोन बायकांच्या हसण्याशिवाय काहीच ऐकू आलं नाही.